वागळे इस्टेटमधील एक कर्नल-सल्लासेवा: इंटरप्ट हँडलरच्या फेरमांडणीचा अनुभव

आमच्या रबाळे एमआयडीसीतील कारखान्यात मसाले, डाळी आणि फरसाण पाऊचमध्ये भरणारी यंत्रे तयार होतात आणि त्या यंत्रांच्या नियंत्रकावरील सॉफ्टवेअर गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. नियंत्रकात लिनक्स चालते. वजनाचा लोडसेल, फिल्मवरची खूण वाचणारा फोटोसेल आणि कटर यांना सांभाळणारा कर्नल ड्रायव्हर (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालून उपकरणे हाताळणारा कोड) आमच्याच एका माजी सहकाऱ्याने लिहिलेला आहे. या ड्रायव्हरमधील इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारी हाक) हाताळणाऱ्या भागाची फेरमांडणी करून घेण्यासाठी आम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका तीन माणसांच्या सल्लासेवेला काम दिले. अशा सेवेविषयी मराठीत कुणी लिहिलेले मला शोधूनही सापडले नाही, म्हणून हा अनुभव जरा तपशिलाने लिहीत आहे. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण खाली कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत आणि तिघांच्या संस्थेत तक्रार कुणाची हे लगेच ओळखू येते.

काम काढण्याचे कारण नवा बोर्ड हे होते. जुना बोर्ड एकाच कोअरचा (एका वेळी एकच काम करणारा), एआरएम कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसरचा होता आणि त्यावरच्या कोडमध्ये सामायिक बफरला (डेटा तात्पुरता ठेवण्याच्या जागेला) हात लावण्यापूर्वी सर्व इंटरप्ट बंद करायचे आणि काम झाले की पुन्हा सुरू करायचे, एवढेच संरक्षण होते. कोअर एकच असेल तर ते पुरते. चार कोअरच्या नव्या बोर्डावर मात्र ही युक्ती फक्त ज्या कोअरवर ती चालते तिथलेच इंटरप्ट थांबवते आणि शेजारचा कोअर त्याच क्षणी तोच बफर बिनदिक्कत लिहून मोकळा होतो. याशिवाय एक जुने दुखणे होते: भर वेगात कधीकधी कट दोन मिलिमीटर सरकत असे आणि छापील चित्राचा कडेचा भाग पुढच्या पाऊचवर जात असे. आमचे यंत्र मिनिटाला १२० पाऊच काढते आणि पाऊच २०० मिलिमीटर लांबीचा असतो, म्हणजे फिल्म सेकंदाला ४०० मिलिमीटर धावते. या वेगाने अडीच मिलिसेकंदांचा उशीर झाला की कट एक मिलिमीटर सरकलाच. दोन मिलिमीटरचा अर्थ असा की कुठेतरी पाच मिलिसेकंद हरवत होते. ते कुठे, हे आम्हाला दोन वर्षांत सापडले नव्हते.

पहिल्या भेटीत मी लॅपटॉप उघडून त्यांना तो २८० ओळींचा हँडलर, म्हणजे इंटरप्ट आला की धावणारे फंक्शन, दाखवू लागलो, तेव्हा त्यांच्यातील ज्येष्ठ गृहस्थांनी मला थांबवले. "साहेब, कोड नंतर बघू. आधी यंत्र चालू असताना बघायचंय, आणि माल भरून," असे ते म्हणाले. मला तेव्हा ते थोडे अगोचरपणाचे वाटले होते. दुसऱ्या दिवशी ते ट्रान्स हार्बरने रबाळ्याला आले आणि हळद भरणाऱ्या यंत्राशेजारी स्टूल टाकून बसले.

त्या दिवशी त्यांनी सर्वात आधी जे केले ते कुणालाही करता आले असते. कर्नल प्रत्येक इंटरप्ट किती वेळा आला याची मोजदाद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दाखवतो. ती फाइल त्यांनी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा वाचली. फोटोसेलच्या ओळीत १२० च्या आसपास फरक दिसायला हवा होता, कारण फिल्मवरची ती काळी पट्टी, जिला आमच्या धंद्यात आय मार्क म्हणतात, मिनिटाला तेवढ्याच वेळा समोरून जाते. फरक तीन लाखांच्या आसपास निघाला. मोटर बंद केली की आकडा जागच्या जागी थांबे आणि सुरू केली की पुन्हा पळू लागे. फोटोसेलची वायर व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) केबलला खेटून एकाच ट्रेमधून गेली होती आणि तिच्या शिल्डचे (विद्युत गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या वेष्टनाचे) टोक कुठेच जोडलेले नव्हते. आमच्या इलेक्ट्रिशियनने शिल्ड पॅनेलच्या बाजूला अर्थ केली, वायर वेगळ्या पट्टीतून फिरवली आणि फरक १२१ वर आला. कोडची एकही ओळ अजून बदललेली नव्हती.

मग प्रश्न असा पडला की सेकंदाला पाच हजार खोटे इंटरप्ट येत असताना कर्नलने तक्रार कशी केली नाही. लिनक्समध्ये हँडलरने परतताना सांगायचे असते की हा इंटरप्ट माझ्या उपकरणाचा होता की नव्हता. एखाद्या लाइनवरच्या (इंटरप्ट आणणाऱ्या तारेवरच्या) १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कुणीच आपले म्हटले नाहीत, तर कर्नल संदेश छापतो आणि ती लाइन बंद करून टाकतो. आमचा हँडलर मात्र पाहुणा कुणीही असो, "आपलाच आहे" असे म्हणून दार उघडत होता. ही एक चूक इतकी वर्षे वायरिंगचा दोष झाकत राहिली, हे कळल्यावर मला त्या माजी सहकाऱ्याचा राग आला नाही, कारण तो कोड तपासून सही करणारा मीच होतो.

हरवलेले पाच मिलिसेकंद दुसऱ्या दिवशी सापडले. त्यांनी कर्नल नव्याने बांधून त्यात इंटरप्ट सर्वाधिक किती काळ बंद राहतात ते नोंदवणारा ट्रेसर सुरू केला आणि शिवाय एका मोकळ्या पिनवर ऑसिलोस्कोप लावून हँडलरमध्ये शिरताना ती पिन वर आणि बाहेर पडताना खाली नेली. पडद्यावर बारीक दातांची रांग दिसत होती आणि मध्येच एक रुंद पट्टा येत होता. आमचा ऑपरेटर बरेच दिवस सांगत होता की "वजन हललं की कटिंग हलतं", आणि वजन व कटिंग यांचा काय संबंध म्हणून आम्ही त्याला गप्प करत होतो. त्याचे अगदी बरोबर होते. वजन मर्यादेबाहेर गेले की हँडलर साठ अक्षरांची एक सूचना कर्नलच्या लॉगमध्ये लिहीत असे आणि तो लॉग सिरियल कन्सोलवरही (केबलने जोडून संदेश बघण्याच्या सोयीवरही) जात असे. ११५२०० बॉडला, म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटच्या वेगाने, एका अक्षराला, सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून, दहा बिट लागतात, म्हणजे सुमारे ८७ मायक्रोसेकंद. साठ अक्षरांना ५.२ मिलिसेकंद झाले आणि तेवढा वेळ आमच्या कर्नलचा कन्सोल एकेक अक्षर बाहेर पडण्याची वाट बघत, इंटरप्ट बंद ठेवून बसत असे. त्या वेळात आय मार्क समोरून गेला तर त्याची दखल पाच मिलिसेकंद उशिरा घेतली जाणार, हे उघडच आहे. कन्सोलवर कुणी बघणारेही नव्हते, कारण ती केबल आमच्याच कपाटात होती.

इथवरच्या कामाला चार दिवस गेले आणि माझ्या मते आम्ही दिलेल्या पैशांपैकी सर्वात सार्थकी लागलेला भाग तोच. फेरमांडणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या फंक्शनचे तुकडे आणि नीटनेटकी नावे येतात. या मंडळींनी आधी कोणता वेळ कुठे जातो ते कागदावर मांडले आणि प्रत्येक बदलासमोर त्यातून काय कमी होणार ते लिहिले. ज्या बदलासमोर काहीच लिहिता आले नाही, असे दोन-तीन बदल मी आग्रहाने सुचवले होते, ते त्यांनी नम्रपणे वगळले.

प्रत्यक्ष फेरमांडणी १४ कमिटमध्ये (कोडमधील वेगवेगळ्या नोंदवलेल्या बदलांत) झाली आणि तिचा क्रम विशेष होता. पहिल्या तीन कमिटमध्ये वर्तन अजिबात बदलले नाही. एकाच फंक्शनमध्ये कोंबलेली तीन उपकरणे फक्त वेगळी केली आणि प्रत्येक कमिटनंतर यंत्र तासभर चालवून आकडे जुळवून पाहिले. त्यानंतर परतीची उत्तरे खरी केली, मग लॉगमधील लिखाण हँडलरबाहेर काढले आणि त्यानंतरच कामाची विभागणी हाती घेतली. कोणत्याही कमिटवर थांबलो असतो तरी यंत्र चालले असते. बंद पडलेले यंत्र म्हणजे ग्राहकाचा फोन, अशा आमच्यासारख्या कारखान्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

विभागणीचे तत्त्व जुने आहे: इंटरप्ट आल्या क्षणी जेवढे केल्यावाचून चालणार नाही तेवढेच तिथे करायचे आणि उरलेले नंतर. आमच्या जुन्या कोडमध्ये "नंतर" जवळजवळ नव्हतेच. वजनाचा आकडा एसपीआयवरून (चिपांना जोडणाऱ्या सिरियल बसवरून) वाचणे, सोळा नमुन्यांची सरासरी काढणे आणि कटरची वेळ ठरवणे, हे सारे हँडलरच्या पोटातच चालत असे. एसपीआयची कर्नलमधील नेहमीची वाचन-फंक्शने झोपू शकतात, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबून प्रोसेसर दुसऱ्या कामाला देऊ शकतात, आणि हँडलरमध्ये झोपता येत नाही, म्हणून आमच्या सहकाऱ्याने थेट रजिस्टर वाचत घिरट्या घालण्याचा मार्ग काढला होता. नव्या रचनेत वजनाचा भाग थ्रेडेड इंटरप्टमध्ये, म्हणजे हँडलरनंतर धावणाऱ्या आणि झोपू शकणाऱ्या वेगळ्या थ्रेडमध्ये, गेला आणि नेहमीची फंक्शने वापरता आली. लोडसेलचा एडीसी (सिग्नलचे आकड्यात रूपांतर करणारी चिप) आकडा वाचून होईपर्यंत आपली लाइन खाली धरून ठेवतो, त्यामुळे थ्रेडचे काम संपेपर्यंत ती लाइन मिटलेली राहावी यासाठी वनशॉट हा ध्वज द्यावा लागतो. तसे न करता लाइन लगेच उघडली, तर तोच इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहून थ्रेडला धावायला वेळच मिळणार नाही. हा ध्वज आमच्या कनिष्ठ सहकाऱ्याने सरावासाठी काढून पाहिला, तेव्हा कर्नलने नोंदणीच नाकारली, कारण प्राथमिक (इंटरप्ट आल्या क्षणी धावणारा) हँडलर न देता आणि वनशॉट न लावता केलेली मागणी तो स्वीकारतच नाही.

फोटोसेलचा भाग मला सर्वात आवडला. हँडलर आता दोनच गोष्टी करतो: घड्याळातील वेळ टिपतो आणि पिनची पातळी पाहून हा खरा आय मार्क आहे की झटका, ते ठरवतो. कट कुठे मारायचा याचा हिशेब थ्रेड करतो, परंतु तो स्वतः जागा झाला त्या वेळेवरून न करता टिपलेल्या वेळेवरून करतो. त्यामुळे थ्रेडला अर्धा मिलिसेकंद उशीर झाला तरी कटची जागा बदलत नाही. कटर फिरण्यापूर्वी हिशेब पूर्ण झाला म्हणजे पुरे. स्कोपवर जो हँडलर आधी ३४० मायक्रोसेकंद घेत होता तो आता ९ घेतो. रुंद पट्टा गेला आणि त्याबरोबर दोन मिलिमीटरही गेले.

जुन्या कोडमधील टास्कलेट (हँडलरनंतरचे काम उरकण्याची कर्नलमधील जुनी सोय) त्यांनी काढून टाकले. कर्नलमध्येच टास्कलेटपासून दूर जाण्याचा कल असून २०२४ मधील ६.९ आवृत्तीत त्यांच्या जागी वापरता येईल अशी वर्कक्यू (कामांची रांग) आली आहे, परंतु आमच्या कामाला थ्रेडच अधिक सोयीचे होते. कर्नल इंटरप्टच्या थ्रेडना मुळात एकच, ५० ची अग्रता देतो, तेव्हा फोटोसेलचा थ्रेड वर नेण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, हे त्यांनी दोनदा बजावले आणि तरीही आम्ही पहिल्या यंत्रावर विसरलो.

मध्यंतरी एका दुपारी त्यांनी वागळे इस्टेटमधील आपल्या गाळ्यात आमच्याकडे काम करणाऱ्या तिघा मुलांना फळ्यासमोर बसवून तासभर शिकवले. लिनक्सच्या गाभ्यानेही हीच वाट कशी चालली, हे त्या तासाचे सूत्र होते. पूर्वी सर्व प्रकारचे इंटरप्ट एकाच भल्यामोठ्या फंक्शनमधून जात असत. लाइनच्या पातळीवर चालणारे, पातळी बदलण्याच्या कडेवर चालणारे आणि साधे इंटरप्ट वेगळे करण्याची कल्पना एआरएमच्या बाजूने रसेल किंग यांनी मांडली आणि २००६ मध्ये २.६.१८ आवृत्तीत थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांच्या कामातून सर्व प्रोसेसरसाठी एकच सामाईक रचना आली, जिच्यात इंटरप्टचा प्रवाह एका बाजूला आणि चिपचे तपशील दुसऱ्या बाजूला ठेवले गेले. थ्रेडेड हँडलर २००९ मध्ये २.६.३० मध्ये आले. हे ऐकल्यावर आमच्या मुलांना आपला २८० ओळींचा हँडलर फारसा लाजिरवाणा वाटेनासा झाला. गाळा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आम्ही गेलो त्या दोन्ही वेळा बंद होती, हे जाता जाता सांगून ठेवतो.

नव्या बोर्डासाठी त्यांनी लिनक्सची ६.१२ आवृत्ती आणि तीतील रिअल-टाइम (वेळेत प्रतिसादावर भर देणारा) पर्याय सुचवला. अनेक वर्षे वेगळा पॅच म्हणून फिरणारे ते काम २०२४ च्या या आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये आले, परंतु ६४ बिट एआरएमसाठी आले, ३२ बिटसाठी नाही, त्यामुळे जुन्या बोर्डावर तो प्रश्नच नव्हता. या पर्यायात साधे स्पिनलॉक (एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणारी, एरवी घिरट्या घालत वाट बघायला लावणारी कुलुपे) झोपू शकणारे होतात, म्हणून फोटोसेलच्या हँडलरमध्ये घेतले जाणारे एकमेव लॉक त्यांनी कधीच न झोपणारे रॉ स्पिनलॉक केले आणि बाकीची साधीच ठेवली. सुरुवातीला उल्लेखलेली "सर्व इंटरप्ट बंद करा" ही पद्धत कोडमधून पूर्णपणे गेली. कोणते लॉक कोणता डेटा राखते हे प्रत्येक स्ट्रक्चरशेजारी एका ओळीत लिहिले गेले. मला स्वतःला रिअल-टाइम पर्यायाची घाई पटली नाही. आमची पाच मिलिसेकंदांची अडचण सुटल्यावर त्याची निकड उरली नव्हती आणि तो सुरू केल्यावर बाकीच्या ड्रायव्हरांचीही चाचणी पुन्हा करावी लागली.

आता तक्रारी. पहिली तांत्रिक आहे आणि ती चूक त्यांचीच होती. जुन्या कोडमध्ये ड्रायव्हर काढताना इंटरप्ट आधी सोडला जात असे आणि मग बफर मोकळा केला जात असे. नव्या कोडमध्ये इंटरप्टची नोंदणी त्यांनी आपोआप सुटणाऱ्या प्रकारात नेली, परंतु बफर हातानेच मोकळा करायचा राहू दिला. आपोआप सुटणाऱ्या गोष्टी ड्रायव्हर काढण्याचे फंक्शन संपल्यानंतर सुटतात, म्हणजे मधल्या क्षणी बफर गेलेला आणि हँडलर जिवंत, अशी अवस्था येते. आमच्या टेबलावर ती कधी आली नाही. ग्राहकासमोर प्रात्यक्षिक चालू असताना, फिल्म धावत असताना, आमच्या मुलाने ड्रायव्हर काढून पुन्हा घातला आणि कर्नल कोसळला. दुरुस्ती चार ओळींची होती: बफरही आपोआप सुटणाऱ्या प्रकारात आणि इंटरप्टच्या आधी मागायचा, कारण सुटताना क्रम उलटा असतो. त्यांनी ती विनामूल्य केली, चूक लेखी मान्य केली, परंतु उत्तर यायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत ग्राहकाला काय सांगायचे हे माझ्यावर सोडले.

दुसरी तक्रार अर्धी त्यांची आणि अर्धी आमची आहे. परतीची उत्तरे खरी केल्यानंतर एका जुन्या यंत्रावर, जिथे शिल्ड जोडायचे राहून गेले होते, कर्नलने रात्रपाळीत फोटोसेलची लाइन नियमाप्रमाणे बंद केली आणि उत्पादन थांबले. कोड बरोबर वागला, हे मला मान्य आहे. पण आधीचा खोटारडा हँडलर ते यंत्र सकाळपर्यंत ओढत नेत असे, आणि रात्री अडीच वाजता फोन माझा वाजला. असे होऊ शकते, तेव्हा बदल पाठवण्यापूर्वी प्रत्येक यंत्राची मोजदाद पाहून घ्या, हे एक वाक्य त्यांच्या पत्रात हवे होते.

तिसरी पैशांची. दर दिवसाला १८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी होता आणि अंदाजपत्रकात फेरमांडणीचे ७ दिवस लिहिले होते. बिल ११ दिवसांचे आले, कारण मोजणीचे चार दिवस त्यात धरले होते. ते दिवस सर्वात उपयोगी ठरले हे मी वर लिहिलेच आहे, तरीही ते आधी सांगायला हवे होते. लिखित दस्तऐवज म्हणाल तर कमिटसोबतचे संदेश उत्तम आहेत, पण त्यापलीकडे काही नाही. नव्या माणसाला सुरुवात कुठून करावी हे सांगणारे एक पानही नाही. ते पान शेवटी आम्हीच मराठीत लिहिले.

ज्यांचा ड्रायव्हर त्यांच्याच कुणीतरी लिहिलेला आहे, यंत्र बघायला देण्याची तयारी आहे आणि कोड कळणारे निदान एक माणूस घरात आहे, त्यांनी या सेवेकडे जावे. नुसता कोड पाठवून परत मागवायचा असेल तर जाऊ नये. ते तसे काम घेतही नाहीत. एक बोर्ड त्यांच्याकडे महिनाभर ठेवावा लागतो, हेही लक्षात घ्यावे.

तापमान-नियंत्रकांशी बोलणाऱ्या आरएस-४८५ (एक प्रकारची सिरियल जोडणी) ड्रायव्हरचे काम आम्ही त्यांनाच दिले आहे. या वेळी कामाच्या पत्रात मोजणीचे दिवस वेगळे लिहून घेतले, ड्रायव्हर चालत्या यंत्रावर शंभर वेळा काढून घालण्याची चाचणी घातली आणि चूक निघाल्यास चोवीस तासांत निदान एक फोन, अशी अटही टाकली. पहिल्या दोन अटी त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरीवर अजून बोलणी चालू आहेत.